वरच्या तळ्यातली बोटुकली

११ फेब्रुवारी

दादाचा फोन आला. आपणहून. मी आधी विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" कारण त्याचा फोन म्हणजे कोणीतरी आजारी, नाहीतर कोणीतरी गेलं. तो हसला. म्हणाला, "छोटी, टेम्पो घेऊन ये. चांगली बोटुकली आहेत, तुझ्या मच्छीमार सोसायटीला देतो. भावाकडून भेट समज."

बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं. वरच्या तळ्याकाठी दादाचं मत्स्यबीज केंद्र आहे, लांबलांबून माणसं त्याच्याकडून पिल्लं नेतात. आम्ही खालच्या तळ्यात जाळं टाकून पोट भरणारे. जाळंवाल्याशी लग्न केल्यापासून दादा माझ्याशी वाईट कधी वागला नाही, फक्त पाहुण्याशी वागावं तसा वागला. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. ह्यांना ते सांगितलं नाही. मी कांदा चिरत होते, त्यामुळे सांगावंही लागलं नाही.

१३ फेब्रुवारी

जाऊन आले. निघताना साबणानं दोनदा हात धुतले, तरी दादाच्या दिवाणखान्यात बसल्यावर मला माझ्याच हातांचा वास यायला लागला. मजा अशी की दादाचाही जन्म माशांतच चाललाय, पण त्याला कसा वास येत नाही? मी कोचाच्या कडेवर टेकल्यासारखी बसले होते. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, नीट बसा की."

केंद्रावरचे निम्मे हौद रिकामे होते, तळाला चुना पसरलेला. "काय रे, एवढी साफसफाई?" म्हटलं. "करावी लागते मधूनमधून," दादा म्हणाला. पिल्लं ड्रममध्ये भरली ती भर दुपारी. तो एरवी हे काम सकाळच्या गारव्यात करतो. पण टेम्पो ताटकळायला नको म्हणून त्यानं घाई केली. माझा इतका विचार त्यानं कधी केला नव्हता. ड्रममध्ये दोनचार पिल्लं अंग घासत होती कडेला, उसळत होती. "खेळतायत," दादा म्हणाला.

वहिनींचं मात्र मला कळलं नाही. "वन्सं, अहो, ही पिल्लं..." असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या, तर दादा म्हणाला, "तू चहा टाक." निघतानाही त्यांनी माझ्याकडे धड पाहिलं नाही. नवरा बहिणीला एवढं फुकट देतोय हे जड गेलं असणार. माणसाचं मन असतं, काय करणार.

१८ फेब्रुवारी

ह्यांनी काठाजवळ बांबू रोवून, जाळं लावून वाडा केला आणि पिल्लं त्यात सोडली. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सचिवबाईंच्या माहेरचं बी आहे, अव्वल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, पण ती लाजेनं नव्हती घातली. हसू दिसू नये म्हणून.

वरच्या तळ्यातून आपल्या तळ्यात येणारा नवा कालवाही या आठवड्यात सुरू झाला. उन्हाळ्यात पाणी आटायचं ते आता आटणार नाही. कालव्याच्या तोंडाशी दार आहे, जाळी आहे आणि दारावर एक म्हातारे गृहस्थ नेमलेत. सगळे त्यांना गेटवालेकाका म्हणतात. आज त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "बाई, पाणी आलं बरं का तुमचं." जणू स्वतःच ओतलंय.

१७ मार्च

ह्यांच्या जाळ्यात आलेल्या माशांच्या अंगावर लाल ठिपके. आणि ठिपक्यांवर काहीतरी चपटं, काचेसारखं, मसुराच्या डाळीएवढं. नखानं उचललं तर सरपटत माझ्या बोटावर आलं. इतकी वर्षं मासे हाताळते आहे, असलं काही बघितलं नव्हतं. हे म्हणाले, "उवा झाल्यात माशांना." आम्ही हसलो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्याच जाळ्यात तेच निघालं, मग कोणी हसेना.

२२ मार्च

बाजारात आमचे मासे कोणी घेईना. खालच्या तळ्याचे म्हटलं की बायका टोपली न बघताच पुढे जातात. शेजारीण तर म्हणाली, "माझ्या तोंडावर एकजण म्हणाली, तुमचे मासे खाजरे आहेत म्हणे."

सभा झाली. तळ्यात यंदा नवीन काय आलं? कालवा. मीच उभी राहून बोलले. वरच्या पाण्यातून घाण आली आहे, दार बंद झालंच पाहिजे. बोलता बोलता मला चढलंच. कोणीतरी म्हणालं, गेटवाला पालापाचोळा काढायला जाळी उचलून ठेवतो, आम्ही पाहिलंय. मी म्हटलं, "मग विचारा ना त्यालाच!"

२४ मार्च

विचारायला गेलो. पन्नासेक माणसं. मी पुढे.

गेटवालेकाका बाहेर आले ते बनियनवरच, हातात अर्धी सोललेली लसणीची पाकळी. म्हणाले, "जाळी उचलतो, पण साफ करून लगेच लावतो. तेवढ्यात काय येणार, बाई?" त्यांनी मलाच विचारलं, कारण मी पुढे होते. मी म्हटलं, "काय येणार ते आमच्या जाळ्यात बघा." मागून कोणीतरी मेलेले मासे फेकले. एक त्यांच्या दाराला लागून खाली घसरला. त्यांची बायको आतून आली, तिनं वाकून तो उचलला आणि आत गेली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "फेकायला नको होतं." मी म्हटलं, "मी कुठे फेकलं?"

२८ मार्च

कालव्याचं दार बंद केलं. चौकशी होईपर्यंत काकांना कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. सोसायटीत आनंदीआनंद. अध्यक्ष म्हणाले, हे बाईंमुळे झालं.

२ एप्रिल

मत्स्य खात्याकडून माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि बोलायला अगदी साध्या. त्यांनी समजावलं की या उवा माशाच्या अंगावर राहून रक्त पितात, पण अंडी घालायला अंगावरून उतरतात. दगड, बांबू, लाकूड, जे कडक मिळेल त्याला अंड्यांच्या रांगा चिकटवतात. एवढ्या मोठ्या तळ्यात औषध ओतता येत नाही, लोक पाणी पितात. वरच्या तळ्यातले मासे खालच्या तळ्यात, खालचे त्याच्या पुढच्या धरणात, अशा पाण्याच्या ओळीत या एकदा शिरल्या की हात टेकायची वेळ येते.

दिवसभर होडीतून फिरून त्यांनी ठिकठिकाणचे मासे तपासले. संध्याकाळी म्हणाल्या, "गंमत आहे. कालव्याच्या तोंडाशी उवा सगळ्यात कमी. या काठाला जास्त. तो वाडा कसला आहे?"

"ती माझ्या भावाकडची पिल्लं," म्हटलं. "केंद्रातली, स्वच्छ. ती बघायची गरज नाही."

"बघून टाकू ना."

"अहो, घरचीच आहेत."

उजेडही कमी झाला होता. त्या पुन्हा येते म्हणाल्या. मला मनातून थोडा रागच आला होता, दादाच्या मालावर शंका म्हणून.

९ एप्रिल

खालच्या धरणावरच्या सोसायटीची माणसं आली होती. त्यांना सोडायला जिवंत मासे हवेत. तळ्यातले नकोत, वाड्यातले चालतील. अध्यक्ष खूश. "कालव्याच्या घाणीपासून ते एकटेच वाचलेत," असं त्यांनी त्यांना सांगितलं. येत्या रविवारी ट्रक येणार आहे. चांगले मासे निवडून ठेवायचं काम माझ्याकडे.

१० एप्रिल

सकाळी एकटीच वाड्यावर गेले.

पहिला मासा उचलला. त्याच्या पोटाखाली, कल्ल्यांमागे, शेपटीच्या मुळाशी उवांवर उवा. दुसरा तसाच. तिसरा हातात धरवेना. मग बांबूवर हात फिरवला. पाण्याखालच्या भागाला खरखरीत लागलं. वर ओढून पाहिलं तर अंड्यांच्या रांगाच रांगा, आखून लावल्यासारख्या. बरीच कवचं रिकामी होती.

वाड्याला जाळं आहे. जाळ्याला भोकं आहेत. डाळीएवढ्या उवेला आणखी काय हवं?

काठावर बसले. समोरून शेजारीण ओरडली, "कसे आहेत गं मासे?" मी ओरडून सांगितलं, "छान!"

छान म्हणाले मी. तोंडातून निघूनच गेलं.

११ एप्रिल

दादाला फोन केला. सांगितलं की तुझ्याकडून आणलेल्या पिल्लांवर उवा आहेत, वाड्यात बुजबुजल्यात. वाटलं होतं तो म्हणेल, काय सांगतेस! तो म्हणाला, "कोणाला दाखवलंस का?"

"नाही अजून."

"मग नको दाखवूस. वाडा मोडून टाक. तुझ्याच अंगावर येईल ते, छोटी. लोक तुला फाडून खातील."

दुःखातही बरं वाटलं. त्याला पहिली काळजी माझी वाटली. बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की आपल्या चांगल्या पिल्लांना इथे येऊन काय झालं. कदाचित आमच्याच पाण्यात काही असेल. पण मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की या तळ्यात पूर्वी या उवांची नोंदच नाही. मला नीट विचार करता येत नाही.

१२ एप्रिल

ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. ताट वाढलं, समोर बसले, तोंड उघडलं आणि म्हटलं, "मीठ हवंय का?"

बाजारात गेटवालेकाकांची बायको दिसली. भाजी घेत होती. मी रस्ता बदलला. एवढी मोठी बाई मी, भाजीच्या गाडीआड लपले! भाजीवाला म्हणाला, "काय शोधताय, बाई?" काय सांगणार त्याला?

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. मनात आलं होतं की ट्रक जाऊ द्यावा. मासे खालच्या धरणात गेले, वाडा मोडला, की माझ्या हातात काहीच राहत नाही. कालव्याचं नाव झालंच आहे, ते तसंच राहील. असा विचार करणारी बाई आपण आहोत हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

१३ एप्रिल

ट्रक आला. माणसांनी पटापट ड्रम भरले. मला कोणी काही विचारलं नाही, कारण बाईंनी निवडलेत म्हणजे निवडलेत. ट्रकबरोबर खालच्या धरणावरची एक म्हातारी आली होती, त्यांच्या सोसायटीची सभासद. तिनं ड्रममध्ये डोकावून माझा हात धरला आणि म्हणाली, "आमच्याकडे दोन वर्षं मासाच नाही हो. तुमचे उपकार झाले."

तिचा हात सोडवून घेतला आणि पहिला ड्रम ढकलला. तो काही पडेना. पुन्हा ढकलला. पाणी, मासे, सगळं कोरड्या मातीत पसरलं. अध्यक्ष धावत आले. "बाई! वेड लागलं का?"

म्हटलं, "उवा यांच्यात आहेत. मी आणल्यात. कालव्यातून नाही आल्या, माझ्या वाड्यातून आल्या. हे मासे पाण्यात जाता कामा नयेत."

मातीत मासे तडफडत होते, तेवढाच आवाज. मग अध्यक्षांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"तीन दिवस."

हे माझ्या मागेच उभे होते. त्यांनी तोंडातून 'च्' असा आवाज काढला. ओरडले असते तर चाललं असतं.

कोणीतरी दादाचं नाव घेतलं. मी म्हटलं, "माझ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं चांगल्या मनानं दिलं." ते मात्र मी खणखणीत आवाजात म्हटलं.

म्हातारी ट्रकमध्ये पुढे जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

१५ एप्रिल

सचिवपद गेलं. काढलं नाही, मीच दिलं. पण मी दिलं नसतं तर काढलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सभेत पुढच्या रांगेत बसवलं होतं. जे जे बोलायचं ते लोक बोलले. शेजारीण म्हणाली, "मी विचारलं तेव्हा छान म्हणालीस!"

हे घरात बोलतात ते कामापुरतं. "दिवा लाव." "पाणी आलंय."

१७ एप्रिल

गेटवालेकाकांकडे गेले. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी म्हटलं, "चूक माझी होती. कचेरीत जाऊन तसं सांगून आले आहे. काकांना परत घेतील." ती म्हणाली, "हं."

काका आतून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. पण आत या म्हणणार नाही. ही तयार नाही."

"तुम्ही?"

"मला अजून माहीत नाही."

रस्त्यावर आल्यावर वाटलं, दोन शिव्या घातल्या असत्या तर मोकळी होऊन गेले असते. तेवढं सोपं त्यांनी करू दिलं नाही, आणि का करू द्यावं?

२६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितलाय. तळ्यात जागोजागी लाकडी फळ्या टांगायच्या. उवा त्यांवर अंडी घालतात. अंडी फुटायच्या आत फळ्या काढून उन्हात कडक वाळवायच्या आणि पुन्हा टांगायच्या. वाड्यातले मासे सगळे काढून खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरायचे. जाळी, होड्या, ड्रम वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात न्यायचे नाहीत. मुळापासून जातील असं त्या म्हणत नाहीत. कमी होतील म्हणतात.

मासे मी पुरले. फळ्यांनाही मी जाते. पहिल्या दिवशी एकटीच होते. ओल्या फळ्या इतक्या जड असतात की दुसरीलाच कंबर धरली. तिसऱ्या दिवशी हे आले, न बोलता दुसऱ्या बाजूनं फळी धरली. आज शेजारीणही आली. माझ्याशी बोलली नाही, फळीशी बोलली. "मेल्यांनो, किती घालाल?" म्हणाली.

१४ मे

फळ्यांवर अंडी कमी दिसतात. बाईंनी तपासलेल्या माशांतही उवा कमी. अध्यक्ष म्हणतात आता कालव्याचं दार उघडूया, पाणी फार खाली गेलंय. परवा उघडायचं ठरलंय. काकाही कामावर आलेत.

१५ मे

वहिनी आल्या. एकट्या, बस बदलत. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. मी पसारा आवरायला लागले, तर म्हणाल्या, "वन्सं, राहू द्या. दार उघडणार असं ऐकलं, म्हणून आले. उघडू नका."

"का?"

"आमच्या हौदांत जानेवारीपासून आहेत त्या उवा. हौद रिकामे केले ते पाणी वरच्या तळ्यातच सोडलं. आता तिकडचं तळंही त्यांनी भरलंय."

मी म्हटलं, "जानेवारी? मला तर फेब्रुवारीत..."

"हो," वहिनी म्हणाल्या. "पिल्लं फेकून द्यायला ह्यांचा हात धजेना. गिऱ्हाइकाला दिली तर नाव जाणार. मग म्हणाले, छोटीच्या तळ्यात पाणी भरपूर आहे, तिथे काय कळतंय. मी त्या दिवशी सांगणार होते. चहा टाकायला गेले." त्या रडायला लागल्या. "चहा टाकायला गेले हो मी."

मी त्यांना पाणी दिलं. मला रडू नाही आलं. मला आठवत होतं की सगळ्यांसमोर मी छाती काढून काय म्हटलं होतं त्याच्याबद्दल. आणि मला ड्रम देताना तो हसत होता, ते. चार माणसांत कोणी कपडे ओढून काढावेत तसं झालं मला.

आमच्या घराबाहेरच्या कोणालाही द्यायची त्याला लाज वाटली. मला द्यायची वाटली नाही.

१६ मे

ह्यांना सांगितलं. या वेळी मीठ विचारलं नाही. ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुझा भाऊ आहे. काय ते तू ठरव." आणि जरा वेळानं, "मी असेन इथे."

काकांकडे गेले. दार उघडू नका, वरच्या तळ्यात उवा आहेत म्हटलं. "कोणी सांगितलं?" "घरच्यांनी." काकांनी कुलपाची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "बसा." दाराशेजारच्या दगडावर बसले थोडा वेळ.

मग डॉक्टरीणबाईंना फोन केला.

१९ मे

बाईंबरोबर मीही गेले. त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही नाही आलात तरी चालेल." पण मी गाडीत बसले.

दादा फाटकाशीच होता. बाईंचे बूट पाहिले, मग मला पाहिलं. "तू कशाला आलीस?"

"घर दाखवायला," म्हटलं.

वाटलं होतं चिडेल, नाहीतर गोड बोलेल. दोन्ही येतं त्याला. पण ओसरीत वहिनी उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि कामगारांना हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. जाळं स्वतः उचललं. मोठं जाळं एकट्याला ओढता येत नाही. तो टोक धरून हौदाच्या काठावर उभा राहिला. कोणी पुढे होईना, म्हणून दुसरं टोक मी घेतलं. दोघांनी ओढलं. लहानपणी एकत्र काही ओढलं असेल तर मला आठवत नाही.

बाईंनी मासा पांढऱ्या ताटलीत ठेवला. भिंग काढायची गरजच पडली नाही. दादा म्हणाला, "जानेवारीपासून आहेत." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. चोरी त्याची होती आणि कान माझे तापले होते. मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. चिखलानं भरले होते, माझ्यासारखेच.

बाई पाण्याचे नमुने घ्यायला पलीकडे गेल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "तिकडे माझं नाव सांगितलंस?"

"उद्या सभा आहे. सांगणार आहे."

त्यानं जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढलं. मग म्हणाला, "मी येऊ?"

ये म्हणावं की येऊ नकोस म्हणावं, मला कळेना. म्हटलं, "पुढच्या रांगेत बसवतात. सगळे बोलतात. मध्ये उठता येत नाही."

"बरं," दादा म्हणाला, आणि जाळं पिळायला लागला. दुसरं टोक माझ्या हातात होतं, तेही मी पिळलं.